चिडकी गाणी, हळू आवाजात

पवईला आमच्या ऑफिसखाली एक कॉफीचं दुकान आहे. कॉफी महाग आणि खुर्च्या अशा, की माणसाने लवकर उठावं. तरी गेल्या वर्षी मी रोज दुपारी तिथे जायचे, कारण वर बसवायचं नाही. खरं तर मला कुठेच बसवत नव्हतं. घरी असले की कामाचं आठवायचं, कामावर असले की घरी पप्पा एकटे काय करत असतील ते. पाय सारखा हलायचा. ऑफिसात शेजारी बसणारी वैतागून म्हणायची, "बस कर ना गं, माझं टेबल हलतंय."

तर अशाच एका दुपारी तिथल्या स्पीकरवर एक बाई गात होती. आवाज असा, की मटार सोलता सोलता सहज गुणगुणतेय. मागे नायलॉनच्या तारांचं गिटार आणि ड्रमवर ब्रशची हलकी खरखर. अर्धा कप संपेपर्यंत मी लक्षच दिलं नाही. मग शब्द कानात शिरले आणि मी कप खाली ठेवला. हे गाणं मला पाठ होतं. अंधेरीच्या कॉलेजात आमचा एक बँड होता आणि हे गाणं मी त्यात गायचे. गायचे म्हणजे बोंबलायचे.

पंकचा धुडगूस ओसरल्यावर विलायतेत जे संगीत आलं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. चिडकं, कोरडं, बास गिटारच्या जोरावर पुढे रेटत जाणारं. नोकरी नसलेल्या, कशातच राम न वाटणाऱ्या पोरांची गाणी. आम्हाला त्यांचे हाल काय माहीत असणार, पण चिडायला आमच्याकडेही पुष्कळ होतं, त्यामुळे गाणी आम्हाला फिट बसली. आणि आता तेच गाणं ही बाई अर्ध्या आवाजात, डुलत डुलत म्हणत होती.

मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे काय लावलंय. तिने फोनमध्ये बघून सांगितलं, कुठलासा फ्रेंच बँड आहे, पोस्ट-पंकची जुनी गाणी घेतात आणि ब्राझीलच्या बोसा नोव्हात, म्हणजे तिथल्या संथ, डुलत्या ठेक्यात बसवतात. वर हसून म्हणाली, "मस्त चिल आहे ना?"

चिल! माझं डोकंच फिरलं.

बाहेर येऊन मी आमच्या त्या बँडच्या गिटारवाल्याला फोन लावला. हा अंधेरीच्या गावठाणातला, कॅथलिक घरातला. आता शाळकरी मुलांना गिटार शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये वाजवतो. बँड केव्हाच मोडला, आमची दोस्ती तेवढी टिकली.

"वाट लावलीये रे त्यांनी गाण्याची," मी म्हटलं.

"अगं, मी केव्हापासून ऐकतोय ते. झकास आहे. तू नीट ऐक ना."

"नीट काय ऐक? राग कुठेय त्यात?"

"आहे. फक्त उभा नाहीये, बसलाय." मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, खरीखोटी त्यालाच ठाऊक. म्हणे या बँडने मुद्दाम अशा पोरी गायला घेतल्या ज्यांनी मूळ गाणी कधी ऐकलीच नव्हती. "नुसते शब्द हातात दिले. म्हणजे कुणाची नक्कल करायचा सवालच नाही. तू हे गायचीस तेव्हा तू गात नव्हतीस यार, तो मूळ गाणारा तुझ्या तोंडून ओरडत होता."

मला ते झोंबलं. संध्याकाळी घरी येताना रिक्षात मी ते गाणं पुन्हा लावलं, शिव्या घालायला म्हणूनच. मग आणखी एकदा. भांडुप येईपर्यंत मला गाण्यापेक्षा त्या बाईच्या आवाजातली हवाच जास्त ऐकू यायला लागली होती. शब्दाच्या कडेने श्वास निसटत होता आणि तिने तो लपवला नव्हता. असा आवाज मी ओळखत होते. आमच्या घरी होता तो, पण बंद करून ठेवलेला.

माझे पप्पा गायक. पोटासाठी पाणीखात्यात होते, पण भांडुपमध्ये त्यांना पाणीखात्यातला म्हणून कुणी ओळखत नाही. जयंतीला, हळदीला, विहाराच्या वर्धापनदिनाला त्यांची गायन पार्टी असायची. हार्मोनियम, ढोलकी आणि पप्पांचा आवाज. माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागायचा नाही. आम्ही टेकडीवर राहायचो तेव्हा कामावरून येताना ते खालच्या रिक्षा स्टँडवरून हाक द्यायचे आणि वर आई चहाचं आधण ठेवायची.

आता टेकडीवरच्या झोपड्या जाऊन इमारत झाली. आई गेली. घरात आम्ही दोघं. गेल्या वर्षी पप्पांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. होऊ शकतं म्हणजे आपल्याला होणार नाही, असं आम्हीच धरून चाललो होतो. एक स्वरतंतू हलेनासा झाला. बोलायला गेलं की निम्मी हवा वाटेतच निसटायची आणि उरायचा तो फाटका, घोगरा श्वास.

आणि पप्पांनी बोलणंच टाकलं. येत नव्हतं असं नाही. त्या आवाजात त्यांना बोलायचं नव्हतं.

आवाजाचे व्यायाम शिकवणारी बाई दर भेटीत बजावायची: काका, आता वापरला नाहीत तर उरलाय तोही जाईल. तिने व्यायाम दिला होता, ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून हुंकार भरत बुडबुडे काढायचे. पप्पांनी ग्लास उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि स्ट्रॉ माझ्या हातात दिली. बाहेरच्या खोलीतून मला आतल्या खोलीत व्हॉट्सॲप यायचा: चहा. कधी: पंखा. भांडण झालं तर नुसताच अंगठा. भेटायला येणारे त्यांच्याशी जोरजोरात बोलायचे, जणू त्यांचे कानच गेलेत. दिवस हातातून चालले होते आणि मी घरभर येरझाऱ्या घालत होते. पप्पा बोला ना, काहीतरी बोला. रागवा तरी.

म्हणून मला वाटलं, या फ्रेंच बाईचं गाणं त्यांना ऐकवावं. ओरडायची गाणी अशीही गाता येतात हे त्यांना कळावं. मी मोबाइल त्यांच्या समोर ठेवला आणि लावलं. पप्पांनी थोडं ऐकलं आणि माशी वारावी तसा हात हलवला. माझा फोन वाजला. व्हॉट्सॲप: लिफ्टवाली बाई.

आमच्या लिफ्टचं दार उघडं राहिलं की एक बाई गोड आवाजात दार लावायची विनंती करत राहते. मला हसू आलं आणि राग पण आला.

"बरं, मग हे ऐका," म्हणून मी मूळ गाणं लावलं. बास सुरू झाला तसे पप्पा सरळ होऊन बसले. गाणारा ओरडायला लागला तेव्हा ते मांडीवर ठेका धरत होते. मेसेज आला: हा आपला माणूस. काय म्हणतोय?

"म्हणतोय की मी वैतागलोय आणि माझं कुणी ऐकत नाही."

बरोबर, असं त्यांनी टाइप केलं आणि बोटाने खुणावलं, परत लाव. मी लावलं. पुन्हा लावलं. पप्पा खूश आणि मी हैराण, कारण सगळं उलटंच झालं होतं. ओरडणं म्हणजेच गाणं, हे त्यांचं मत आणखी पक्कं झालं होतं.

तेव्हा मी गिटारवाल्याला बोलावलं. पप्पांना न विचारता त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचे शब्द त्याला पाठवले. चाल सांगितली नाही, रेकॉर्डिंगही दिलं नाही. त्या फ्रेंच बँडचीच रीत. गाणं पप्पांनी स्वतः रचलेलं, आमच्या जुन्या टेकडीवरचं. शहराला पाणी नेणारा मोठा पाइप वस्तीला चिकटून गेला होता आणि वस्तीत नळ नव्हता.

उशाखालून पाणी चाललं, घागर आमची कोरडी का?
शहर तुमचं नाहून निघालं, तहान आमची थोरली का?

रविवारी दुपारी तो चर्चमधून परस्पर आला. दारातच म्हणाला, "जय भीम, अंकल." पप्पांनी हात जोडले, गिटारकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली.

तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि हळूच सुरू झाला. चाल त्याने स्वतःच लावली होती, झुल्यावर बसल्यासारखी. बोटं तारांवर कुठे चुकत नव्हती, आवाज गोड होता. "कोरडी का" तर त्याने इतकं अलगद सोडलं की शेजारणीकडे विरजण मागतोय असं वाटावं. मला ते आवडलं आणि आवडल्याची भीतीही वाटली. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा पप्पांनी टीपॉयवर तळहात आपटला.

"थांब."

तो थांबला. किती दिवसांनी या घरात त्या तोंडून शब्द निघाला होता हे त्याला काय माहीत. त्याने साधेपणाने विचारलं, "काय झालं अंकल, सूर चुकला?"

"सूर गेला खड्ड्यात," पप्पा म्हणाले. प्रत्येक शब्दाला हवा निसटत होती. "तू विचारतोयस. कोरडी का, कोरडी का. इथं विचारायचं नाही, जाब मागायचा. रात्री भिंतीला कान लावला ना, की पाणी ऐकू यायचं आम्हाला. वाहतंय, पण आमच्यासाठी नाही." ते दम घ्यायला थांबले. "वाजव. मघाचंच वाजव."

त्याने तोच बोसा नोव्हाचा ठेका धरला आणि पप्पा गायला लागले. त्यांची चाल, त्यांचे शब्द, आणि तो फाटका श्वास. वरच्या सुरावर आवाज नुसता घासत होता, खालच्यावर जेमतेम लागत होता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

रडू आलं म्हणून नाही. मला राग आला होता. हा माझ्या पप्पांचा आवाज नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. धुतलेले कप मी पुन्हा धुवायला घेतले, नळ पूर्ण सोडून, म्हणजे बाहेरचं ऐकू येणार नाही. इतके महिने मी त्यांच्या मागे लागले होते की बोला, बोला. आणि बोलतील तेव्हा ती रिक्षा स्टँडवरून येणारी हाकच येईल, असं मी मनात धरून बसले होते. हा आवाज पप्पांना नको होता, ठीक आहे, तो त्यांचा आवाज. मला तो नकोसा व्हावा? मला स्वतःची शरम वाटली, तरी पाय बाहेर निघेना.

बाहेर गाणं थांबलं. मग गिटारवाला ओरडला, "अगं, अंकल केव्हापासून बोलवतायत तुला!"

पप्पा हाका मारत होते आणि त्या मला दोन पावलांवर ऐकू आल्या नव्हत्या. मी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी बाहेर गेले.

"आत काय करतेस?" पप्पा म्हणाले.

"कप."

"दीड ओळीत माझा दम संपतो. कोरस कोण देणार? हा? याला चाल तरी येते का?"

गायन पार्टीत गायकाच्या मागे कोरसवाले बसतात. गायकाचा श्वास संपत आला की तो हात वर करतो, मागचे ओळ उचलतात आणि तेवढ्यात गायक दम घेऊन घेतो. पप्पांनी मला त्या रांगेत कधी बसवलं नाही. माझा आवाज गायकाच्या वर जातो, हे त्यांचं कायमचं म्हणणं. कोरस खाली राहिला पाहिजे.

"मला जमणार नाही, पप्पा," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"बस."

मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, कारण लांबून काही कळलंच नसतं. गिटार सुरू झालं. पप्पांनी पहिली ओळ म्हटली. दुसरीच्या मध्यावर श्वास सुटला आणि त्यांचा हात वर गेला. मी ओळ उचलली.

"हळू," ते म्हणाले.

मी हळू केलं.

"अजून."

मी इतकी खाली आले की माझ्या आवाजात हवाच जास्त उरली. पप्पांनी दम घेतला, हात खाली केला आणि पुढची ओळ धरली.