परारचा पोळा

आईला वर्षांचे आकडे सांगता येत नाहीत. चालू साल औंदा, गेलं ते गुदस्ता, त्याच्या मागचं परार. त्याही पलीकडचं सगळं नुसतं 'मांगं'. बाबांना जाऊन बारा वर्षं होत आली, त्याला मात्र ती तप म्हणते. गाव सोडून शहरात, नंदनवन वस्तीत माझ्याकडे राहायला आली, तरी तिचं साल पोळ्याशीच येऊन बदलतं. मुलांना याची मजा वाटते. मलाही वाटायची.

परार पोळ्याला तिनं पुरणपोळ्या केल्या आणि स्वतःची अर्धी तशीच ठेवली. "बापू, घास अडकून राहिला गा," म्हणाली. मला कोराडीच्या वीजकेंद्रातली ड्यूटी गाठायची होती. "सावकाश खात जा," म्हणून मी निघालो. नंतर ती पोळी दुधात कुस्करून खाऊ लागली, मग नुसतं वरणाचं पाणी. मी बघत होतो. दात गेले, वय झालं, असं मीच माझं ठरवून टाकलं होतं.

औंदा पाणीही उतरेना, तेव्हा तिला धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, बाहेरगावचे. "आजी, त्रास कधीपासून?"

"परारच्या पोयापासून."

"परार म्हणजे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गेल्या वर्षी," मी म्हणालो. "गेल्या पोळ्यापासून."

विसरलो नव्हतो. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता. आईनं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "हो, गुदस्ताच," म्हणाली.

दुर्बिणीच्या तपासणीला पुढच्या आठवड्यात बोलावलं. बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "तू काहून गुदस्ता म्हटलं?"

"तू म्हटलं ना? मंग डाक्तरापुढं तुले खोटं पाडू काय?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी परत आत गेलो. दुसरा पेशंट बसला होता, त्याच्यादेखतच सांगितलं, "परार म्हणजे गेल्याच्या मागचं वर्ष. मला माहीत होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तेव्हाच का आणलं नाही?"

 मग कागदावरचं साल बदलून ते म्हणाले, उद्या सकाळीच घेऊन या, उपाशीपोटी.

आईला तसं सांगितलं. "उपाशीच त आहो मी," ती म्हणाली. मग पायानं चप्पल चाचपत, "परार सांगून आला ना? मंग मीच खोटी पडली."