कांबळ्याची भिंत

सुरतेला आमच्या गोधड्या शिवायच्या खोलीत आज तुकडे मांडून बघायची भिंत केली. प्लायवूडवर कांबळं ताणून खिळे ठोकले. त्याच्या लोकरीवर कापडाचा तुकडा नुसता दाबला की चिकटतो, शिवण्याआधी हवा तसा हलवता येतो.

हातोडीच्या घावागणिक माझी मान आखडत होती. पाचवीत त्रिकोण चुकला म्हणून गुरुजींनी माझं डोकं असंच फळ्यावर आपटलं होतं, पुन्हा पुन्हा. खडूची रेघ लाल झाली, आणि माझी शाळा कायमची सुटली.

"लाव की पहिला तुकडा," मालकीण मंजूबेन म्हणाल्या. माझा त्रिकोण वाकडा बसला. त्यांचा हात उठला, तसे मी डोळे मिटले.

"डरतेस काय, बेन? काढ, परत लाव. त्यासाठीच तर भिंत केली!"

उपकार कसे फेडू त्यांचे? कपाळावरची जुनी खोक मी हळूच कांबळ्याला टेकवली. भिंत मऊ असू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं.