गाडी थांबली की खुरपं खाली

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट आहे, घरी आल्या आल्या टाइप करतेय.

दर शनिवारी मी इथे अमेरिकेत, ओहायोतल्या आमच्या डब्लिन उपनगरातून कोलंबस शहरातल्या एका ब्लॅक वस्तीत ड्राइव्ह करून जाते. तिथे धड किराण्याचं दुकान नाही, म्हणून सत्तरीच्या मिस अर्नेस्टीन शेजाऱ्यांना घेऊन एका रिकाम्या प्लॉटवर भाजी पिकवतात. ज्याला हवी त्याने न्यावी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "पोलिसांची गाडी थांबली की हातातलं खाली ठेवायचं आणि हात दिसू द्यायचे." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना उगाच काळजी!

आज गाडी थांबली. रिकाम्या प्लॉटवर लोक घुसलेत, अशी कुणीतरी तक्रार केली होती. सगळ्यांनी कुदळी खाली ठेवल्या. मी मात्र नेहमीच्या उत्साहात, ऑफिसरला समजावून सांगायला गेटकडे धावले. हातात सासूबाईंनी साताऱ्याहून दिलेलं खुरपं तसंच!

ऑफिसरचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला.

"बाळा, खाली ठेव. अगदी हळू," मागून मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता, की त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी खुरपं ठेवलं. त्यांनी प्लॉटचे पेपर्स दाखवले, गाडी गेली. आणि यार, सगळे परत तण काढायला बसले!

नवरा म्हणतोय, आता जाऊ नकोस. मला न जाणं सोपं आहे हो. आमच्या घराजवळ भाजीची तीन दुकानं आहेत.

मिस अर्नेस्टीननी कुठे जायचं?