खाजगी की खासगी?

अर्जुनी मोरगावात पाट्या रंगवणारे माझे मावसाजी, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, यांच्याइतका हट्टी माणूस आमच्या अख्ख्या धानाच्या मुलखात दुसरा झाला नसेल. अर्थ कळल्याशिवाय शब्द रंगवायचा नाही, हा त्यांचा नेम. एका शिंप्याला त्यांनी 'फॅशन' म्हणजे काय, हे विचारून इतकं घामाघूम केलं की त्याने शेवटी पाटीवर नुसती कात्री काढून घेतली. कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्याला 'शुद्ध शाकाहारी' लिहून हवं होतं. मावसाजी आधी त्याच्या भटारखान्यात डोकावून आले आणि 'शाकाहारी' एवढंच लिहून घरी परतले. फ्लेक्सच्या दिवसांत अशा रंगाऱ्याच्या दारी कोण जाणार? तरी लोक जायचे, कारण अक्षर असं की वाचता न येणाराही थांबून बघे.

दोनेक वर्षांपूर्वी एक राईस मिलवाला आला. त्याने तलावालगतचं शेत विकत घेतलं होतं आणि तलावाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी त्याला पाटी लावायची होती : 'खाजगी मालमत्ता. प्रवेश बंद.' त्याच वाटेने बाया धुणं घेऊन जायच्या, गुरं पाण्यावर जायची. मावसाजींनी ब्रश रंगात बुडवला आणि थांबले.

"खाजगी की खासगी?"

"कोणतंही लिहा ना!" मिलवाला म्हणाला. "अर्थ कायले पाहून राहिले? रंग मारा अन् द्या."

"अर्थ नाही, तं रंग नाही."

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते रेल्वेने गोंदियाला गेले. वाचनालयातल्या जाडजूड शब्दकोशावर नाक टेकवून बसले आणि दुपारपर्यंत शब्दाचं मूळ काढलं. अरबी 'खास' म्हणजे विशेष; त्याला फारसी शेपूट लागून झालं 'खासगी'. राज्यकारभारापासून वेगळं, राजाचं स्वतःचं, घरचं जे, ते खासगी. मराठीत त्याचंच 'खाजगी'ही झालं, दोन्ही चालतात. मला वाटलं, मिटलं एकदाचं. पण परतीच्या गाडीत सौंदड स्टेशन मागे पडलं तरी मावसाजी तोच शब्द घोळवत होते. मग एकदम म्हणाले, "राजालेही आपलं कोणतं अन् राज्याचं कोणतं, हे वेगळं ठेवा लागत होतं. मंग याले काऊन नाही?"

गावाचा नकाशा तलाठ्याकडे. तो तीन दिवस "उद्या या" म्हणत राहिला. चौथ्या दिवशी मावसाजी जेवणाचा डबा आणि उशी घेऊनच गेले. उशी बघितल्यावर नकाशा निघाला. त्यात ती वाट पांदण म्हणून, सगळ्या गावाची म्हणून, स्पष्ट दाखवलेली होती. मिलवाल्याचं शेत तिच्या पलीकडे सुरू होत होतं.

नकाशाची नक्कल बघून मिलवाला तापला. "तुम्ही पेंटर हाय का वकील?"

"पेंटरच हाय. वकील असतो, तं तुम्ही म्हणाल ते लिहून देलो असतो."

मिलवाल्याने नकाशावरची हद्द दोनदा तपासली. माणूस वाईट नव्हता. विकणाऱ्याने बोट दाखवलं तेवढं त्याने आपलं मानलं होतं. शेवटी पडलेल्या आवाजात म्हणाला, "मंग पाटी लावू कुठं?" मावसाजी त्याला घेऊन पांदणीने गेले, ओल्या बांधावर चढले आणि पायाने खूण केली. "हेथून पुढं तुमचं." पाटी तिथे लागली. 'खासगी'चा 'ख' तर असा डौलदार, की धुणं घेऊन निघालेल्या बाया आधी तो बघून मग पुढे जाऊ लागल्या.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. तेरवी झाल्यावर मावसाजींनी मला शिडी धरायला बोलावलं. त्यांच्या स्वतःच्या दारावर इतकी वर्षं कोणाचंच नाव नव्हतं. एकेका अक्षरापाशी दम घेत, त्यांनी मावशीचं नाव लिहिलं. खाली बरीच जागा उरली होती.

"मावसाजी, तुमचं नाव?"

ते शिडीवरून सावकाश उतरले. ब्रश फडक्याला पुसत राहिले.

"घर तिचंच होतं, बापू. मी आपला राहून राहिलो."