उजवीकडचं पदक

नोव्हेंबरातल्या युद्धस्मरणाच्या रविवारी लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसमध्ये शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा बसले होते. कोटावर डावीकडे पदकांची रांग, उजवीकडे एकच. तेवढंच ते अंगठ्याने पुन्हा पुन्हा पुसत होते.

“ते चुकीच्या बाजूला लागलंय का?” मी विचारलं.

“नाही रे पोरा. डावीकडे स्वतःची, उजवीकडे घरच्या गेलेल्याची. युद्धात शत्रूच्या मशीनगनवर आम्ही दोघे भाऊ धावलो. शौर्यपदक मला, त्याला हे नुसतं हजेरीचं. म्हणून कुणी शाबासकी दिली, की मी आधी त्याचं नाव घेतो.”

पन्नाशीतल्या मला ‘पोरा’! मी हसलो. स्लाऊच्या ऑफिसात मला प्रमोशन मिळालं ते व्हिसा संपून नागपूरला परतलेल्या मित्राच्या कामाच्या जोरावर. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी मॅनेजरसमोर बसलो आणि आधी त्या मित्राचं नाव घेतलं.