सरितानं दाबून ठेवलेलं नाव

पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात सरिताला दोन गोष्टींसाठी ओळखतात. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, आणि तिनं आपल्या आजीची सेवा केली. लग्नाच्या नवव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी विचारलं नाही, म्हणून ती माहेरी परतली. आईबाप आधीच गेलेले. घरात उरली होती फक्त आजी, बायनाबाई. तिला सरितानं अकरा वर्षं सांभाळलं. शेवटची दोन वर्षं तर आजी खाटेवरच होती.

नीलिमा तिच्या काकाची मुलगी. दोघी एका वयाच्या, चौथीपर्यंत एकाच घरात वाढलेल्या. पुढं काकाला चंद्रपुरात नोकरी लागली, नीलिमा शिकली, कॉलेजात प्राध्यापक झाली. आजीचा जीव मात्र तिच्यातच अडकलेला. मोहाचे लाडू केले की पहिले चार नीलूच्या नावानं डब्यात जायचे. नीलू वर्षातून दोनदा यायची, उशाशी तासभर बसायची, लुगडं द्यायची. मग महिनाभर आजी आल्यागेल्याला ते लुगडं दाखवायची. सरिता रोज तिचे पाय चोळायची. त्यात दाखवण्यासारखं काय होतं?

पुढं आजीची नजर गेली, डोकंही चालेना, आणि ती सरितालाच नीलू म्हणू लागली. पहिल्यांदा सरितानं सांगून पाहिलं, "आजी, मी सरिता हाओ." म्हातारीनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि दिवसभर अन्नाला शिवली नाही. दुसऱ्या दिवसापासून सरिता नीलू या हाकेला ओ देऊ लागली.

आजीला जाऊन तीन वर्षं झाली. यंदाच्या उन्हाळ्यात नीलिमानं घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. तहसिलीत खेटे घातले, सिंदेवाहीकडचे जुने नातलग शोधले. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, नीलिमाताईनं केवढं काम हाती घेतलं. सरिता ऐकायची आणि धान पाखडत राहायची.

एका सकाळी नीलिमा वही घेऊन सरिताच्या घरापुढच्या सपरीत येऊन बसली.

"आपल्या देवराव आजोबांच्या वडलांचं नाव लाडकू. जन्माच्या जुन्या नोंदीत सापडलं," ती म्हणाली. "पण आजोबांच्या आईचं नाव कुठंच नाई. कागदात बाया नाईतच. आजी तुले काई बोलली होती का?"

सरिताला नाव माहीत होतं. भागरता. लाडकू तापानं गेला तेव्हा देवराव तिच्या कडेवर होता. दिरांनी घराबाहेर काढलं. ती सिंदेवाहीकडून चालत, वाटेत मजुरी करत इथवर आली. झाडोरा तोडून तिनं बांध घालून धानाच्या शेताची पहिली बांधी स्वतःच्या हातानं केली. हे सारं आजीनं एका दुपारी सरिताचा हात धरून सांगितलं होतं आणि शेवटी म्हणाली होती, "नीलू, तू शिकलेली हायेस. हे लिहून ठेव."

"मले नाई सांगितलं काई," सरिता म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

बुद्ध पौर्णिमेला सगळं गणगोत विहारात जमलं. नीलिमानं भिंतीवर मोठा कागद लावला होता. सरिता भात वाढता वाढता तिकडं पाहत होती. पणजीची जागा रिकामी दिसेल, चार लोक विचारतील आणि नीलिमाला उत्तर देता येणार नाही, या विचारानं तिला सकाळपासून बरं वाटत होतं. पण जागा रिकामी नव्हती. तिथं लिहिलं होतं, काशीबाई.

"बापूजी म्हणाले, काशी असंन," नीलिमा कुणाला तरी सांगत होती. बापूजी म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे. तेवढ्यात एका थोरल्या चुलतीनं त्या नावापुढं हात जोडले.

सरितानं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "ते खोडा. काशी नव्हती ती. भागरता होती."

मग तिनं उभ्याउभ्याच सगळी हकिकत सांगितली. लोक जेवायचे थांबले. तिचं सांगून झालं तेव्हा नीलिमानं हळूच विचारलं, "मंग त्या दिवशी काऊन नाई सांगितलं?"

"तुले द्यावंसं वाटलं नाई. आजीनं ते तुलेच सांगितलं होतं. ती मले नीलूच म्हणे, मी निस्ती तुह्या नावानं ऐकत होती."

नीलिमानं काशीबाई खोडलं, वर भागरता लिहिलं. लोक पांगल्यावर ती भांडी घासणाऱ्या सरिताजवळ येऊन बसली. "आजी एवढी माह्या नावानं हाका मारत होती, तर एक फोन करायचा होता. मी येऊन राहिली असती."

"म्हणूनच नाई केला," सरिता म्हणाली. "तू आली असती तर आजीनं तुह्याच हातानं खाल्लं असतं. मंग मी कोण होती?"

नीलिमा डोळे पुसत उठली आणि संध्याकाळच्या गाडीनं न जेवता निघून गेली. सरिताला वाटलं, आता संपलं सगळं. त्या आठवड्यात तिलाही अन्न गोड लागलं नाही.

पावसाळ्यात धानाचे रोवणे सुरू झाले त्या सुमारास नीलिमाचा फोन आला. भागरताला बहीण होती का, तिला विचारायचं होतं. सरितानं आठवेल तेवढं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. घराण्यातल्या चौदा बायकांची नावं आता वहीत उतरली आहेत आणि त्यातली अकरा सरितानं दिलेली. हे ती गावात आवर्जून सांगते. कुणी नीलिमाचं कौतुक काढलं तर अजूनही तिच्या कपाळाला आठी पडते. "लिहिते ती," ती म्हणते, "पण विचारा लागते मले."