वजनकाट्यावर थांबलेली गाडी
फिनेलचा वास आला की मला लातूरचं ते धान्याचं गोदाम आठवतं. जिल्हा नवाकोरा होता आणि दुष्काळ ऐन भरात. नांदेडहून गहू घेऊन आलेल्या आमच्या गाड्या सकाळपासून फाटकाबाहेर रांगेत उभ्या होत्या. माझ्या पुढच्या गाडीचे वयस्कर ड्रायव्हर, आमचे चाचा, पोट धरून घामाघूम झाले होते. एरवी आम्ही ड्रायव्हर लोक उभ्या जवारीत जाऊन यायचो, पण त्या साली रानात आडोसाच उरला नव्हता. गोदामात संडास होता, त्याला कुलूप. "साहेबाचा हाय. पाणी न्हाई," चौकीदार म्हणाला. चाचांनी दोनदा हात जोडले. मग नंबर लागला तशी त्यांनी गाडी वजनकाट्यावर चढवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत धरून खाली उतरले. "संडासची चावी द्या, मंग गाडी हालंल." चौकीदारानं काठी उगारली. चाचांनी मूठ सोडली नाही. मागच्यांनी आधी हॉर्न वाजवले, मग प्रकार कळला तसं एकेकानं इंजिन बंद केलं. शेवटी साहेब बाहेर आले आणि चावी धुळीत फेकली. ती मी उचलली. दार उघडलं तर आत कूलरसाठी भरून ठेवलेलं पिंप, काठोकाठ. पाणी न्हाई म्हणे! चाचांनी डबा बुडवला आणि दार लावून घेतलं. आता तिथं 'चालकांसाठी' अशी पाटी आहे, फिनेलही मारतात. तरी दारापाशी गेलो की माझा हात आधी कुलूप चाचपतो.